ओल्या लाकडाचा धूर

"बिडी ओढता का?" रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी विचारलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. कधी हातसुद्धा लावला नाही म्हटलं.

"मग स्वयंपाक कशावर?"

"घरी गॅस. धंदा चुलीवर."

मी सक्करदऱ्यात ऑर्डरप्रमाणे लांब रोटी करते. सैल कणीक हातांवर झुलवत ताणायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायची. बावीस वर्षं झाली. दिवाळीपासून जिना चढताना दम लागायचा, सकाळचा खोकला थांबायचा नाही. वय झालं म्हणत मी अंगावर काढलं. तुम्ही काढू नका.

स्पायरोमेट्री झाली, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची ताकद मोजतात ती तपासणी. तीनदा फुंकून मी घामाघूम. निदान सीओपीडी. यात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात.

"गेलं ते परत येणार नाही, उरलं ते सांभाळा," डॉक्टर म्हणाले. "धुरात बसणं बंद."

परतताना मी ऑटोत रडले.

रोटी गॅसवर करून पाहिली. मडकं फक्त मधोमध तापलं, रोटीच्या कडा कच्च्या राहिल्या. माझ्यासोबत काम करणारी धाकटी जाऊ शोभा म्हणाली, "ताई, एवढा धूर काहून होते ते तं पाहू पहिले. ओलं लाकूड जाळून राहिलो आपण."

खरंच होतं. टालावरून, म्हणजे लाकडाच्या वखारीतून, आलेलं लाकूड तसंच चुलीत कोंबायचो. शोभानं ते बारीक फोडून टिनाच्या छपराखाली रचलं, उन्हाळाभर वाळू दिलं. खालून हवा लागावी म्हणून चुलीत लोखंडी जाळी बसवली, छपराबाहेर धुराडं काढलं. एका वेळी तीनच लाकडं घालायची, असं ठरवलं. धूर पुष्कळ कमी झाला, लाकूडही निम्म्यावर आलं.

"कमी धूर म्हणजे शून्य धूर नव्हे," डॉक्टरांनी बजावलं. म्हणून मी आता अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कणीक भिजवते, चुलीपाशी शोभा बसते. सुरुवातीला चुलीकडे पाहवत नव्हतं.

मागच्या महिन्यात माझी पुन्हा तपासणी होती, तेव्हा शोभालाही तपासायला नेलं.

"मले काय झालं वं ताई?"

"काही झालं नाही, म्हणूनच चल."

तिनं फुंकलं आणि पडद्यावरची रेघ चढत गेली. "हिचं उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

मी तिचा हात घट्ट धरला. माझा रिपोर्ट विचारायचा राहिला, हे घरी आल्यावर लक्षात आलं.