रीळ तुटलं तेव्हा

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं काढली. रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली धरायची, दिसेल ते लिहायचं, दिसणार नाही ते लिहायचं नाही... ही माझी नोकरी आणि हाच माझा स्वभाव. या सदरातले अनुभव मी वाचते, पण खरं सांगू? निम्मे वाचून हसते. आमच्या गावात कुणी रात्री गाव राखणारा ‘राखणदार दिसला’ म्हणालं की मी त्याला आधी ताप आहे का विचारायची. तरीही हे लिहिते आहे, कारण माझ्या बाबतीत एकदाच जे घडलं ते मी स्वतः पाहिलं. पाहिलं की नाही, हाच तर प्रश्न आहे म्हणा!

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी. मी तेवीस वर्षांची. साखळीला एका खाजगी लॅबमध्ये नुकतीच लागले होते. आमचं घर साखळीपासून चार-पाच किलोमीटरवर, एका वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर. घरात आई, बाबा आणि मी. मागच्या बाजूला पायऱ्या उतरून गेलं की आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-केळीची बाग. मधून पाण्याचा पाट. फेब्रुवारीत रोज दुपारनंतर बाबा तिथे उतरायचे आणि पाटाचं पाणी झाडांना सोडायचे.

लॅबमध्येच मला दत्ता भेटला. गडहिंग्लजकडचा. खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. थंडी वाजून ताप येतो म्हणून रक्त तपासायला आला. त्याच्या रक्तात मला मलेरिया सापडला आणि पुढच्या दोन महिन्यांत मला तो. (हा विनोद त्याचा आहे, माझा नव्हे. छत्तीस वर्षं ऐकते आहे.)

बाबांना कळलं तेव्हा घरात वादळ झालं. आता यातली गंमत बघा. बाबा घरात कोकणी बोलायचे आणि राजभाषेच्या वादात मराठीसाठी मोर्चाच्या पुढे चालायचे. आमच्याकडे यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. पण मी म्हटलं, ‘‘बाबा, तो तर अस्सल मराठी बोलतो, तुम्हांला हवी तशी,’’ तर म्हणाले, ‘‘भास एक जाली म्हूण किदें जालें? मनीस तो घाटी. घाटी जांवय म्हाका नाका.’’ घाटावरचा जावई नको, संपलं. त्यानंतर तीन महिने ते माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलत होते.

मग आम्ही ठरवलं... पळून जायचं.

तो रविवार निवडला, कारण आई मावशीकडे वाळपईला बारशाला गेली होती, ती सोमवारी येणार होती. चारच्या बसने साखळीहून म्हापसा, तिथून धारगळ. धारगळला हायवेवर दत्ताचा बांद्याचा मित्र गाडी घेऊन थांबणार होता. रात्रीपर्यंत गडहिंग्लज. मी बाबांना सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. पिशवीत तीन साड्या आणि सर्टिफिकेटं. बाबा झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मान वर न करता ‘‘हूं’’ म्हणाले. त्या ‘‘हूं’’वर मी घर सोडलं.

साखळीला पोचले तेव्हा दीड वाजला होता. चारपर्यंत करायचं काय? स्टँडवर बसावं तर दर दुसरा माणूस ओळखीचा. दत्ता म्हणाला, ‘‘शाळेच्या हॉलमध्ये पिक्चर हाय, क्लबवाल्यांचा. अंधारात बसू की.’’ तेव्हा काही हौशी मास्तर मंडळींनी एक फिल्म क्लब काढला होता. महिन्यातून एकदा पणजीहून रिळं आणायची आणि खिडक्यांना काळे पडदे लावून परदेशी सिनेमे दाखवायचे. जेमतेम पंचवीस माणसं. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. पिशवी खुर्चीखाली.

सिनेमा सुरू झाला आणि मला घामच फुटला. एक मुलगा, एक मुलगी, घरातून पळालेली! जुनी मोटार, तिचा एक दरवाजा दोरीने बांधलेला. ब्लॅक अँड व्हाइट. भाषा कुठली कोण जाणे, खाली इंग्रजी अक्षरं. पण सिनेमा साधा नव्हता. वाटेत त्यांना एक प्रेतयात्रा भेटते आणि मेलेला माणूस उठून बसतो, म्हणतो, ‘‘मला पुढच्या गावापर्यंत सोडता का, हे लोक फार हळू चालतात.’’ ते त्याला मागच्या सीटवर घेतात. पुढे एक पोलीस त्यांना अडवतो आणि दंड मागायच्या ऐवजी लग्नाला मुलगी बघा म्हणून आपली पत्रिका देतो. आणि या सगळ्यांच्या मागे त्या मुलीचा बाप, सायकलवर, पाठीवर घराचा अख्खा पुढचा दरवाजा बांधून! कारण काय, तर मुलगी जाताना दार उघडं टाकून गेली. जो भेटेल त्याला विचारतो, ‘‘हे दार लावायला माझी मुलगी दिसली का?’’

हॉल हसून लोळत होता. दत्तासुद्धा. मला हसू येत नव्हतं. मी मनात म्हणत होते, आपण तर दार लोटून आलो... लोटलं ना?

आणि मग ते दिसलं.

पडदा एकदम रंगीत झाला. मोटार नाही, ती दोघं नाहीत, खालची अक्षरं नाहीत. आवाजही नाही. तांबड्या मातीच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना पोफळी. कॅमेरा त्या पायऱ्या एकेक उतरत होता, कुणीतरी चालत असावं तसा. खाली पाट. पाटात एक माणूस पालथा पडलेला. निळ्या काठाचा पंचा पाण्याच्या तोंडाशी अडकून पाणी तुंबलेलं, आणि ते त्या माणसाच्या गालापर्यंत आलेलं. वर चढत होतं. हळूहळू... अगदी सावकाश.

पायऱ्या आमच्या होत्या. पाट आमचा. तो पंचा सकाळी मीच दोरीवर वाळत टाकला होता.

मी उठले आणि बाहेर आले. उन्हाने डोळे दिपले. भिंतीला धरून उभी राहिले. दत्ता मागून धावत आला.

‘‘काय झालं गं?’’

‘‘पाहिलंस तू?’’

‘‘पाहिलं की. त्यात काय एवढं?’’

मला वाटलं त्यानेही पाहिलं, फक्त त्याला आमचं कुळागर माहीत नाही. मी म्हटलं, ‘‘मला घरी जायचंय. आत्ता.’’

तो म्हणाला, ‘‘भ्यालीस व्हय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग? चारला बस हाय. तिकडं माणूस वाट बघत थांबलाय. सुलू, आत्ता परत गेलीस तर पुन्हा यायची न्हाईस, मला माहीत हाय.’’

‘‘येईन. पण एकदा बाबांना बघून येते. दुरून बघते आणि फिरते.’’

त्याचा विश्वास बसला नाही. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. पण त्याने वाद घातला नाही. ‘‘चल, मी येतो. वाड्याच्या तोंडाशी थांबतो,’’ एवढंच म्हणाला. रविवारची दुपार, सगळं साखळी झोपलेलं. पायलट — आमच्याकडे भाड्याने मोटारसायकल चालवतात त्यांना पायलट म्हणतात — एकही जागेवर नव्हता. पाऊण तासाने एक मिळाला. एका गाडीवर आम्ही तिघे.

घराचं दार उघडं. झोपाळा रिकामा. रेडिओ चालू. मी हाक मारली, उत्तर नाही. मागच्या दारातून पायऱ्यांकडे धावले आणि वरूनच मला निळे काठ दिसले.

मी अशी काही किंचाळले असेन की वाड्याच्या तोंडाशी थांबलेला दत्ता धावत आत आला. बाबा पालथे पडले होते. शेवाळावरून पाय सटकून कपाळ दगडावर आपटलं होतं, पंचा पाटाच्या तोंडात अडकला होता, आणि पाणी त्यांच्या ओठांशी आलं होतं. नाक अजून बाहेर होतं. एक बोट उरलं असेल, फार तर दोन. दत्ताने त्यांना उचललं, पाठीवर घेतलं आणि त्या सगळ्या पायऱ्या चढला. पायलट अजून गेला नव्हता. तो पळाला आणि शेजारच्यांची जीप घेऊन आला. साखळीच्या दवाखान्यात टाके घातले, तिथून पणजीच्या मोठ्या हॉस्पिटलात. डोक्यात रक्तस्राव होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. पण ते वाचले.

पुढचे तीन आठवडे दत्ता रात्रपाळी करून सकाळी हॉस्पिटलात येत होता. रक्त लागलं तेव्हा बाही वर करून पुढे झाला. मीच अडवलं. मलेरिया होऊन सहाच महिने झाले होते ना! बिचारा खट्टू झाला. मग त्याने दुसरं काम धरलं, रोज बाबांची दाढी करायचं. बाबा सुरुवातीला डोळे मिटून घ्यायचे, त्याला बघायचं नाही म्हणून. दहाव्या-बाराव्या दिवशी आरशात गाल चाचपत आईला म्हणाले, ‘‘घाटी आसलो तरी हात हळू आसा ताचो.’’ आई माझ्याकडे बघून पदराआड हसली. त्या मे महिन्यात आमचं लग्न झालं, घरच्या अंगणात.

इथवर तुम्ही म्हणाल, काळजी होती, मनात अपराध होता, सिनेमात बाप होता, म्हणून भास झाला. मीही तेच म्हणत होते. पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी फिल्म क्लबचे मास्तर माझी पिशवी द्यायला हॉस्पिटलात आले. खुर्चीखाली विसरली होती. म्हणाले, ‘‘माफ करा हं, रीळ तुटलं म्हणून तुम्ही उठून गेलात. जोडायला पाच-सात मिनिटं लागली.’’

मी विचारलं, ‘‘रीळ कधी तुटलं? आणि तो मधला रंगीत भाग कसला होता?’’

ते म्हणाले, ‘‘तीनला पाच-दहा मिनिटं कमी असताना.’’ मग माझ्याकडे बघतच राहिले. ‘‘रंगीत? बाई, अख्खी प्रिंट काळी-पांढरी.’’

मी दत्ताकडे वळले. तो म्हणाला, ‘‘रीळ तुटलं तेच म्हणालो होतो मी, पाहिलं म्हणून. पांढरा पडदा होता गं नुसता. लोक शिट्ट्या मारत होते. तू तेवढी टक लावून बघत बसली होतीस. मी तुला शेंगदाणे दिले, तू हातसुद्धा पुढं केला न्हाईस.’’

म्हणजे पंचवीस माणसांनी कोरा पडदा पाहिला आणि मी एकटीने आमचं कुळागर.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. बाबा नीट बोलू लागले तेव्हा एकदा त्यांनी विचारलं, ‘‘हांव पडलां म्हूण तुका कोणें सांगलें?’’

‘‘कोणेंच ना.’’

‘‘तूं बेगीन पावलें पूण. नाटक सोंपलें, साडेतीन जाले म्हूण रेडिओचेर सांगलें, आनी मागीर हांव सकयल देंवलों.’’

म्हणजे साडेतीननंतर ते खाली कुळागरात उतरले होते. मी मनात हिशेब जुळवला. रीळ तुटलं तेव्हा तीन वाजायला पाच-दहा मिनिटं होती, मास्तरांनी तसं सांगितलं होतं. म्हणजे मी पाहिलं तेव्हा बाबा पडलेलेच नव्हते. झोपाळ्यावर बसून श्रुतिका ऐकत होते. ठणठणीत! जे अजून व्हायचं होतं ते मी पाहिलं. आम्ही पोचलो ते चारच्या सुमारास. चारची बस तेव्हा सुटत असेल.

त्यानंतर मला कधीच, काहीच दिसलं नाही. मी वाटही पाहिली नाही.

पंधरा-सोळा वर्षांनी दत्ताला कुठूनतरी त्या सिनेमाची सीडी मिळाली. एका दुपारी डिचोलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघांनी आणि आमच्या मुलीने तो पाहिला. मुलगी पोट धरून हसत होती. पोलीस आला, पत्रिका आली, सायकलवरचा बाप आला. मी दत्ताचा हात घट्ट धरून बसले. तो भाग यायचा होता तिथे मोटारीचा टायर पंक्चर झाला आणि मेलेला माणूस खाली उतरून, शर्टाच्या बाह्या वर करून जॅक लावू लागला. बस, एवढंच. काळं-पांढरं. मग मलाही हसू फुटलं... त्या दिवशीचं उरलेलं सगळं हसू. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

सिनेमा संपल्यावर मी उठले आणि साखळीच्या घरी फोन लावला. बऱ्याच रिंगा झाल्या. मग उचलला.

‘‘किदें गो?’’ बाबांचा झोपमोडीने त्रासलेला आवाज. ‘‘न्हिदिल्लों हांव.’’

‘‘कांय ना बाबा, सहज. न्हिदात तुमी.’’

बाबा त्यानंतरही पुष्कळ वर्षं जगले. गेले ते अंथरुणात, झोपेत, वयाने. तो पडदा माझ्यासाठी कुणी रंगवला, का रंगवला? रिपोर्टवर लिहायचं झालं तर मी इतकंच लिहीन — आढळलं. कारण अज्ञात.