बर्फ लोटणारी इर्मा बालवाडीत जाते

इर्मा कांगास कौंटीचा, रस्त्यावरचा बर्फ बाजूला लोटणारा ट्रक चालवायची. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवराच्या आमच्या काठावर निम्मं वर्ष बर्फाला पडण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे इर्मालाही नसायचा. बाई दारात जेमतेम मावायची, आणि आवाज असा की ट्रकचा भोंगा बिघडला तेव्हा कित्येक दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग तिची पाठ कामातून गेली. डॉक्टरांनी ट्रक बंद करायला लावला. ऑफिसात बसून फोन उचलायचं काम मिळत होतं, ते तिने नाकारलं. एका रविवारी चर्चमधून परत येताना ती मला म्हणाली, "ऐली, मी बालवाडीची शिक्षिका होणार."

मी गावातल्या बालवाडीत स्वयंपाक करते. तिथली पोरं मला ठाऊक, आणि इर्माही ठाऊक. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"तू?"

"का? चर्चमध्ये मोठ्यांचं प्रवचन चालतं तेव्हा पोरं सांभाळते ना मी? मजा येते गं. इतकी वर्षं ट्रकमध्ये एकटी बसून बर्फाशी बोलले. बर्फ उलट बोलत नाही. आता मला उलट बोलणारं कुणीतरी हवंय."

"घरी नवरा आहे की!"

"वायनो? तो 'हूं' म्हणतो. सणासुदीला 'हूं हूं' म्हणतो."

बालशिक्षणाची पदवी नसेल तर बालवाडीत नुसती मदतनीस म्हणून राहावं लागतं, वर्ग मिळत नाही. त्यासाठी शेजारच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा होता. इर्माने नाव घातलं. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा विशीतल्या पोरींना वाटलं, हीटर दुरुस्त करायला कुणी आलंय. एकीने तर कोपऱ्यातला हीटर दाखवलासुद्धा. इर्माने तो आधी दुरुस्त केला आणि मग बाकावर बसली.

शिकवायला ब्रँडवॉल्डबाई होत्या. काटकुळ्या, पण करड्या शिस्तीच्या. त्यांचा पहिलाच धडा असा: मुलांवर हुकूम सोडायचा नाही. त्यांच्या उंचीवर बसायचं, दिसतंय ते शांतपणे सांगायचं आणि विचार त्यांना करू द्यायचा.

इर्माला हे जन्मात जमलं नव्हतं. सराव हवा होता, आणि घरात लहान मूल नव्हतं.

एका संध्याकाळी वायनोचा फोन आला. "ऐली, लवकर ये. इर्मा बरी नाही."

मी धावत गेले. वायनो स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा. इर्मा वरच्या खोलीत अभ्यास करत होती.

"काय झालं रे?"

"मी चिखलाचे बूट घालून थेट गालिच्यावर गेलो. ती ओरडली नाही!" वायनोने वरच्या खोलीकडे बोट दाखवलं. "गुडघ्यांवर बसली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, 'वायनो, मला गालिच्यावर चिखल दिसतोय. बुटांना कुठे राहायला आवडेल, तुला काय वाटतं?' ऐली, ही मला सोडून जाणार आहे का?"

"मग तू काय केलंस?"

"बूट बाहेर ठेवले. गालिचाही धुतला. भीतीनं."

इतकं एका दमात बोलताना मी त्याला लग्नातही ऐकलं नव्हतं.

इर्मा सॉनात, म्हणजे घरच्या वाफेच्या खोलीत, बसून पुस्तकं वाचायची. पानं फुगून पुस्तक पावासारखं व्हायचं. मुलं पाळण्यात असल्यापासूनच त्यांच्याशी भरपूर बोलावं, असं एका धड्यात वाचून, आपण तसं बोललो नाही म्हणून ती रडली आणि अलास्कातल्या आपल्या मुलाला उगाचच फोन लावला. तो म्हणाला, "आई, कोण गेलं?" कुणी गेलेलं नाही हे त्याला पटवायलाच बराच वेळ लागला, पण मग दोघं पोटभर बोलले.

शेवटी परीक्षा म्हणून शिकवून दाखवायचा धडा आला. आमच्याच बालवाडीत, चार वर्षांच्या मुलांपुढे, 'काय तरंगतं, काय बुडतं'. मधोमध पाण्याचा मोठा टब. मागे ब्रँडवॉल्डबाई वही घेऊन. मी दारातून बघत होते. चुलीवर सूप होतं, ते राहू दिलं.

मुलांच्या उंचीवर यायचं म्हणून इर्मा त्यांच्या हात असलेल्या छोट्या खुर्चीत बसली. बुचाचं झाकण तरंगलं, दगड बुडाला, सगळं छान. मग चमचा आणायला ती उठली आणि खुर्चीही उठली.

इर्माचे कान लाल झाले. पण ती वळली आणि अगदी हळू म्हणाली, "मला दिसतंय की खुर्ची माझ्याबरोबर आली आहे. आपण काय करू या?"

"साबण लावा!" एकजण म्हणाला.

"खुर्चीला 'प्लीज' म्हणा," मेबल नावाची चिमुरडी म्हणाली.

"बरं. खुर्ची, प्लीज."

खुर्ची ऐकेना. मग मी लोण्याचा डबा आणला. सगळ्या पोरांनी खुर्चीचे पाय धरले, एक-दोन-तीन म्हणून ओढलं, खुर्ची सुटली, पोरं एकीकडे आणि इर्मा दुसरीकडे, सरळ टबात. पाणी उसळून ब्रँडवॉल्डबाईंच्या वहीपर्यंत गेलं.

मेबलने टबात वाकून नीट पाहिलं. "बुडाली," तिने निकाल दिला.

ब्रँडवॉल्डबाईंना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. चष्मा काढून हसल्या. मग चष्मा घालून म्हणाल्या, "मिसेस कांगास, धडा उत्तम झाला. पण तुम्ही लिहून दिलेला तो हा नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा येते."

इर्मा माझ्या स्वयंपाकघरात टॉवेल गुंडाळून बसली. "झालं. परत ट्रक."

"पुन्हा येते म्हणाल्या, नापास कुठे म्हणाल्या? सूप घे. तळाशी जरा लागलंय."

पुढच्या आठवड्यात ती जमिनीवर बसली. पोरं पाण्याकडे बघेनात. "खुर्ची कधी अडकणार?" सगळ्यांचा एकच प्रश्न. आज नाही अडकणार म्हटल्यावर मेबलने भोकाड पसरलं. इर्मा घायकुतीला आली नाही. तिला मांडीवर घेतलं, "तू खुर्चीची फार वाट बघत होतीस ना?" म्हणाली, आणि हुंदके थांबेपर्यंत तिची पाठ थोपटत राहिली. नंतर मेबलनेच एकेक वस्तू पाण्यात सोडली. ब्रँडवॉल्डबाईंनी जाताना इर्माचा हात हातात घेतला.

पदवीच्या दिवशी वायनोने कोट घातला. इर्माचं नाव पुकारलं तेव्हा तो उठून उभा राहिला आणि बसायचं विसरला. मागच्या लोकांना काही दिसेना, पण कुणी ओरडलं नाही.

आता चार वर्षांच्या मुलांचा वर्ग इर्माकडे आहे. जेवणाआधी ती सगळ्यांची रांग घेऊन माझ्या दारात येते आणि आज काय आहे म्हणून विचारते. मी वाटाणे म्हटलं की सगळे एका सुरात "शी!" करतात. सर्वांत मोठ्याने इर्मा.