मागे घेतलेला शब्द

राज्याच्या विधानसभेत आजवर जेवढे शब्द उच्चारले गेले, त्यांतले निम्मे आमच्या भाऊंचे आहेत, असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या निम्म्यांतले बरेचसे भाऊंना खाली बसवण्यात खर्च झाले. हे मी ऐकीव सांगत नाही. सभागृहाच्या मधोमध बसून सदस्यांचं बोलणं लघुलेखनात उतरवून घेणारी मी प्रतिवेदक. आम्ही दहा-दहा मिनिटांच्या पाळीनं आत जातो, आपला तुकडा लिहून घेतो आणि बाहेर येऊन टंकतो. भाऊ नागपूरजवळच्या एका विणकरांच्या तालुक्याचे आमदार. सरकारं बदलली, पक्ष फुटले, पण भाऊ मात्र कसे कोण जाणे, कायम विरोधी बाकावरच राहिले. मी मूळची नागपूरची, म्हणून भाऊंची बोली मलाच कळते, असं मुंबईच्या सहकाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. डिसेंबरात अधिवेशन नागपुरात आलं आणि भाऊंनी हात वर केला, की ज्याची पाळी असेल त्याला नेमकी खोकल्याची उबळ यायची आणि मला आत ढकललं जायचं.

भाऊंच्या भाषणाला विषय नसे असं नाही, एकच होता. त्यांच्या गावच्या विणकरांना माग लावायला एक मोठी शेड हवी होती. घरं लहान, विणताना पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी भरायचं, आणि दरवर्षी दोन-चार माग कायमचे बंद पडायचे. एका मंत्र्यांनी शेड बांधून देण्याचं आश्वासन सभागृहात दिलं होतं आणि भाऊंनी ते धरून ठेवलं होतं. मग चर्चा कशावरही असो. विद्यापीठांच्या विधेयकावर ते उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, पदवी घेताना पोट्टे जो झगा घालते, तो कोण विणते?" तिथून तिसऱ्या वाक्याला ते शेडमध्ये पोचले होते. सिंचनावर बोलताना पाणी आधी मागाच्या खड्ड्यात शिरलं. एकदा तर शोकप्रस्तावावर बोलताना दिवंगत नेत्याच्या धोतराचं पोत सांगता सांगता भाऊ शेडच्या दाराशी आले, तेव्हा सत्ताधारी आणि विरोधक, सगळं सभागृह एकदिलानं घाबरलं होतं. पण तिथं त्यांनी स्वतःला आवरलं. अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली, की भाऊ तिला लवून नमस्कार करत आणि नव्या दमानं सुरू होत.

सभागृहात वस्तू दाखवायला बंदी असते. भाऊंनी हा नियम कधी मोडला नाही, फक्त जवळ कापडी पिशवी ठेवली. "पिशवीत काय आहे ते मी दाखवणार नाही, नियम हाये. पण आतमंधी मागाचा एक धोटा हाये, त्याले बुरशी आली, अन् ते बुरशी हिरवी हाये!" मधेच ते माझ्याकडे वळत. "ताई, हिरवी लिहून राहिल्या ना?" अध्यक्ष ओरडत, "सन्माननीय सदस्यांनी अध्यक्षांना उद्देशून बोलावं!" भाऊ मान डोलवत, अध्यक्षांना म्हणत, "हिरवी, महोदय," आणि पुन्हा माझ्याकडे बघत. मी मान खाली घालून हिरवी लिहीत असे.

सर्वांत मोठी गंमत दुसऱ्या दिवशी असायची. भाषणाची टंकलेली प्रत सदस्याकडे तपासायला जाते. बाकीचे सदस्य आपला स्वीय सहायक पाठवतात, नाहीतर रागाच्या भरात गेलेला शब्द मवाळ करता येईल का म्हणून हळूच विचारून जातात. भाऊ स्वतः आमच्या खोलीत येत, सोबत उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं पातेलं आणत, आणि शेंगा सोलत सोलत आपलंच भाषण मोठ्यानं वाचत. काही कमी झालेलं त्यांना चालत नसे. अध्यक्षांनी कधी शब्द मागे घ्यायला सांगितलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "गोटा मारला तं तो मागं येते का, महोदय? शब्दही येत नाही." शब्द मागे न घेतल्याबद्दल भाऊ दोनदा दिवसभरासाठी बाहेर गेले होते. दोन्ही वेळा आमच्याच खोलीत बसले आणि आम्हा कुणाला काम करू दिलं नाही.

तर त्या वर्षी शेडचा विषय आश्वासन समितीपुढे आला. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, हे ही समिती बघते. भाऊ तिचे सदस्य होते आणि लिहून घ्यायला मी. साक्षीला एक उपअभियंता आले होते. निवृत्तीला महिना राहिलेला, अंगानं बारीक, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. गावतळ्यामागची जागा पाणथळ आहे, तिथं शेड उभी राहणार नाही, असा अहवाल त्यांनी दिला होता. ती जागा भाऊंनीच सुचवलेली! भाऊ पाऊण तास बोलले. "तुम्ही त्या जागेवर पाय तरी ठेवला का? टेबलावर बसून अहवाल लिहिला तुम्ही! खोटारडे हा तुम्ही, खोटारडे!" मी लिहीत होते. ते गृहस्थ फायलीवर हात ठेवून उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. समितीनं ठरवलं, की अहवालात त्यांच्यावर ताशेरा ओढायचा. शेवटच्या महिन्यात असा ताशेरा म्हणजे चौकशी लागणार आणि इतक्या वर्षांच्या नोकरीवर डाग घेऊन माणूस घरी जाणार.

तिसऱ्या दिवशी भाऊ प्रत तपासायला आले. हातात पातेलं नव्हतं. खुर्चीत बसले, पण प्रत उघडलीच नाही. मी घाबरले, पाणी दिलं. मग म्हणाले, "ताई, काल गावात गेलतो. कमिटीत त्या साहेबाची कशी जिरवली ते सांगून राहिलो होतो लोकाइले. तं आमची एक म्हातारी विणकर मावशी हाये, ते मधातच म्हणे, 'काहून गा भाऊ, कोन्या साहेबाले बोलला तू? तो बारीकसा? तो तं भर पावसात आला होता. गुडघ्याएवढ्या चिखलात फसला, चप्पल तिथंच राहिली त्याची. मी माह्या बुढ्याची चप्पल देल्ली त्याले. आठ दिवसानं धुऊन आणून देल्ली त्यानं.'" भाऊंनी चष्मा काढला. "मावशीनं मले तिथं नेलं, ताई. मीही फसलो."

मी म्हटलं, भाऊ, समितीप्रमुखांना सांगा. ते गेले. मोठ्या मनाच्या प्रमुखांनी तोडगाही काढला, की ताशेरा गाळू, तेवढे शब्द कामकाजातून काढून टाकू, विषय संपला. कुणाला कळणारही नव्हतं. भाऊ ऐकेनात. "म्या त्याइच्या तोंडावर बोललो, बारा माणसाइच्या समोर. अन् आता पाठीमागं खोडू? त्याइले बोलवा." समिती वैतागली. एका ज्येष्ठ सदस्यानं त्यांना समजावलं, "भाऊ, निवडणूक तोंडावर आहे, तुमच्याविरुद्ध उभा राहील त्याच्या हाती कोलीत देताय." तरी भाऊ हटले नाहीत आणि उपअभियंत्यांना पुन्हा बोलावणं गेलं.

ते आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. आता आणखी काय, असा. भाऊंनी त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. "मी म्हणलं होतं, तुम्ही त्या जागेवर पाय ठेवला नाही. तुम्ही ठेवला होता. मी ठेवला नव्हता. पंधरा वर्षं त्या शेडवर बोलून राहिलो अन् जागा पायी फिरून पाह्यली नाही. खोटारडा हा शब्द मी मागं घेतो. मले माफ करा." एवढंच. मी लिहिलं, आणि पुढं काहीतरी येईल म्हणून पेन्सिल तशीच धरून बसले. मग भाऊंनी हळूच विचारलं, "पन साहेब, तुम्ही त्या दिवशी काहून नाही बोलले?"

ते गृहस्थ जरा ओशाळले. म्हणाले, "साहेब, तुम्ही बोलून राहिले होते."

सगळी समिती हसली. भाऊही हसले, पण उशिरा. मग त्या उपअभियंत्यांनी फाईल उघडून दाखवली. त्याच अहवालाच्या दुसऱ्या पानावर शाळेमागची उंचवट्यावरची जागा त्यांनी सुचवली होती. दुसऱ्या पानापर्यंत कुणीच गेलं नव्हतं. ते महिनाअखेरीस मानानं निवृत्त झाले. शेडही पुढं त्याच जागेवर उभी राहिली आणि मावशीचा माग तिच्यात पहिला लागला, असं मला भाऊंनीच कळवलं. मात्र त्यानंतर भाऊ समितीत प्रश्न विचारता विचारता मधेच थांबू लागले. "तुमाले काही सांगायचं हाये का?" असं साक्षीदाराला विचारून वाट बघत बसत. साक्षीदारांची पंचाईत होई. त्यांना अशी सवय नसते.

पुढची निवडणूक भाऊ हरले. माफीमुळे म्हणावं, तर तिथं लोकांना ती ठाऊकसुद्धा नव्हती. आता त्यांच्या जागी एक तरुण आमदार आहेत. मोबाइलमध्ये बघून वाचतात, घंटेच्या आत बसतात आणि तपासायला पाठवलेली प्रत ई-मेलनं परत येते. आमच्या खोलीत कुणाला खोकल्याची उबळ येत नाही.

गेल्या डिसेंबरात, दुपारच्या सुट्टीत, विधानभवनासमोरच्या टपरीवर भाऊ भेटले. पिशवी घेऊन एकटेच उभे होते. दोन चहा सांगितले आणि विचारलं, "ताई, आई कशी हाये?" मी सांगितलं, आईला आता ओळख पटत नाही. अधिवेशनापुरती मी नागपूरला येते, तेव्हा तीन आठवडे तिच्याजवळ असते. रोज सकाळी ती मला माझं नाव विचारते. एवढं सांगून मी थांबले. आता भाऊ सुरू होतील, कुठला तरी वैद्य सुचवतील, तिथून मागावर जातील, असं वाटलं होतं. ते नुसते बघत राहिले. मी म्हटलं, "भाऊ, बोला ना काहीतरी. तुम्ही गप्प बसलेले बरे नाही वाटत."

"नाई वं ताई," भाऊ म्हणाले, "तुम्ही सांगा."

इतकी वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं लिहीत आले. मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मग मी सांगत राहिले, आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत भाऊ एका शब्दानंही मधे बोलले नाहीत.