बेसिलच्या बोलण्याची काळजी

शुभाला काळजी करायला एरवी कारण लागत नसे. या वेळी मात्र कारण होतं, आणि ते पाच वर्षांचं होतं. त्याचं नाव बेसिल. अमेरिकेत, बॉथेलच्या शाळेत किंडरगार्टनला आल्यापासून हा मुलगा जवळजवळ गप्पच होता. बोललाच तर एखादा तुटका शब्द. शुभा त्या शाळेतली स्पीच थेरपिस्ट. बेसिलला बोलायला खरंच अडचण आहे, की घरची भाषा वेगळी म्हणून इंग्रजीत अडखळतोय, हे तिने सांगायचं होतं. गुरुवारी मीटिंग होती आणि तिथे तिचाच शब्द चालणार होता. अडचण आहे म्हटलं, तर मदत सुरू होणार. नाही म्हटलं, तर फाइल बंद.

शुभा मूळची नागपूरची. शाळेत नवी असताना देवांग नावाच्या एका मराठी मुलाला कुणीतरी इंग्रजीतले 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चे दोन 'व' वेगळे म्हणता येत नाहीत म्हणून थेरपीला बसवलं होतं. शुभाने भांडून त्याला सोडवलं. "अहो, आमच्या अख्ख्या नागपूरला थेरपी द्यावी लागेल," असं ती भर मीटिंगमध्ये म्हणाली होती. तेव्हापासून परक्या भाषेचं पोर समोर आलं, की बाई पदर खोचून उभ्याच. जीन्सला पदर नसतो, ही गोष्ट वेगळी.

बेसिलचे आईवडील घानाच्या उत्तरेचे, नावराँगोचे. कासेना लोकांपैकी. त्यांची भाषा कासेम. त्या भाषेतल्या मुलांसाठी तपासणीची तयार चाचणी शुभाला कुठेच मिळेना. मग ती स्वतःच भाषेच्या मागे लागली. मिळतील ते लेख वाचले, बेसिलच्या आईकडून, पर्पेच्युआकडून, शब्द बोलून घेतले. एकच शब्द वरच्या, मधल्या नाहीतर खालच्या सुरात म्हटला की अर्थ बदलतो, आणि लिहिताना हे सूर बहुधा कोणी दाखवत नाही. स्वरांचे दोन गट, आणि एका शब्दात सहसा एकाच गटातले स्वर नांदतात. धान्याची कणगी एक असेल तर 'तुला', अनेक झाल्या की 'तुली'. शुभा हरखून गेली. दिसेल त्याला हे ऐकवायची.

आणि बेसिलच्या प्रत्येक चुकीला तिला उत्तर मिळत गेलं. मांजराला 'कॅट' न म्हणता 'कॅ' म्हणतो? कासेममध्ये शब्द असे ट-ठवर संपत नाहीत. 'कॅट'च्या आधी 'द' लावत नाही? त्यांच्याकडे ते नामाच्या मागून येतं. अनेकवचन चुकतं? त्यांची रीतच निराळी. मुलात काही कमी नाही, हा फक्त भाषेचा फरक आहे, असं तिने रिपोर्टमध्ये लिहूनही टाकलं. तरी काळजी काही थांबेना.

"रिपोर्ट झालाय ना? मग आता कसला स्ट्रेस घेतेस यार?" नाश्त्याच्या वेळी अरुणने, तिच्या नवऱ्याने, विचारलं.

"एक गोष्ट फिट होत नाहीये रे. तो दोन शब्द जोडतच नाही. 'पाणी दे' असंसुद्धा नाही. नुसतं 'पाणी'. हे कुठल्याच भाषेने एक्सप्लेन होत नाही."

"मग?"

"मग काय. शाय असेल," शुभा म्हणाली आणि चहा तसाच टाकून उठली. आपण हे अरुणला सांगतोय की स्वतःला, हे तिला नीट कळत होतं.

बुधवारी दुपारी ती पर्पेच्युआच्या घरी गेली. म्हणायला काही शब्द पुन्हा रेकॉर्ड करायचे होते. पर्पेच्युआ हॉस्पिटलमध्ये नर्स होती, नुकतीच शिफ्टवरून आली होती, गॅसवर भात होता. टेबलाशी बेसिल आणि त्याची तीन वर्षांची बहीण कॉलेट एका प्लॅस्टिकच्या ट्रकसाठी भांडत होते.

कॉलेटचं तोंड म्हणजे लाह्या फुटाव्यात तसं. आईकडे बघून तिने लांबलचक तक्रार केली, सूर वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. शुभाला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण कळायची गरज नव्हती. ती वाक्यं होती. बेसिलने ट्रककडे बोट दाखवलं आणि एक शब्द म्हटला. बहीण आणखी बोलली. त्याने तोच शब्द पुन्हा म्हटला, मोठ्याने, आणि मग कपाळ टेबलावर आपटून घेतलं.

ही काही इंग्रजी नव्हती. हे त्याचं स्वतःचं घर होतं, स्वतःची भाषा होती, आणि इथेही त्याला बोलता येत नव्हतं.

"तो तुमच्या भाषेतही असाच बोलतो?" तिने विचारलं.

पर्पेच्युआने गॅस बंद केला. "पहिल्या दिवशी मी हेच सांगायला आले होते, मॅडम," ती तिच्या शांत इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, तुमच्या भाषेत काही कमी नाही, अजिबात काळजी करू नका. आमच्या भाषेत काही कमी नाही, हे मला माहीत आहे. मी माझ्या मुलाबद्दल विचारायला आले होते."

शुभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके आठवडे तिने या बाईला कणगी कशी म्हणतात ते विचारलं होतं, स्वर विचारले होते, सूर विचारले होते. पोराबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. उद्या तिने मोठ्या अभिमानाने त्याच्या मदतीची वाटच बंद करून टाकली असती. तिने रेकॉर्डर पर्समध्ये टाकला.

"मी चुकले," ती म्हणाली. "आता सांगा."

पर्पेच्युआ उभ्यानेच बोलायला लागली. "मला तो हाक मारतो. पुढे काय हवंय, ते मी ओळखते. त्याची पावलं बघून, चेहरा बघून. बहिणीलाही आता ओळखता येतं. पण शिफ्टवर पेशंटला इंजेक्शन देताना मनात येतं, आत्ता शाळेत त्याचं पोट दुखत असेल, तर तिथे कोण ओळखत असेल?"

बेसिल अजून टेबलावर डोकं टेकून होता. शुभाने खुर्ची त्याच्या शेजारी ओढली.

"उद्या मीटिंगमध्ये मी सांगते, त्याला मदत लागणार आहे. तो रोज माझ्याकडे येईल," ती म्हणाली. "आधी मी ओळखायला शिकते, मग त्याला सांगायला शिकवते. तोवर काळजी दोघी मिळून करू."

तेव्हा कुठे पर्पेच्युआ खाली बसली.