ओल्या सागाची दांडी
ताज्या तासलेल्या सागाचा वास आला की मला नाकाडोंगरीच्या त्या सुताराचा राग येतो. तुमसरच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटारवाल्याची जागा रिकामी होती, रविवारी वाजवून दाखवायचं होतं आणि माझ्या जुन्या गिटारची दांडी मोडली होती. ती जागा हुकली असती तर पुन्हा खाणीत दगड फोडणंच नशिबी होतं. नव्या दांडीसाठी सुताराने सागाच्या दोन फळ्यांवर बोटं मारली. सुकी खणखणली, पण ती आखूड होती. लांब फळी भदभद वाजली. "हे ओलं हाये, भाऊ. एक उन्हाळा वाळू दे त्याले." "उन्हाळा? मले रविवारी पायजे!" मी ओरडलो, हात जोडले, पुन्हा ओरडलो आणि उन्हाळ्यावरून त्याला चार दिवसांवर आणलं. "तू तं देवासंगही घासाघीस करशीन," म्हणत त्याने रंधा उचलला. रविवारी तारा ताणल्या आणि दांडी वाकली. प्रत्येक सूर पोत्यावर काठी मारल्यासारखा निघाला. ऑर्केस्ट्राचा मालक हसला, "गिटार वाजवून राहिला का धान झोडून राहिला बे?" सोमवारी मी खाणीवर होतो. पुढे माझी स्वतःची लाकडाची वखार झाली. भाव करताना समोरचा नमला की आजही मला तो सुतार आठवतो. त्याने त्या दिवशी मला नाही म्हणायला हवं होतं.