वाढीचा रकाना

आमच्या वस्तीतलं प्रार्थनामंदिर का बंद पडलं, असं कोनी विचारलं की मी दुष्काळावर ढकलते. खरं कारन मी हाय. मी आन् पुंजाराम उपदेशक. मानूस लाखात एक, पन कानाचा हलका. एकदा त्यानं माझं ऐकलं आन् तिथंच घात झाला.

शेवगावच्या पुढं आमच्या वस्तीत तो आला तवा ख्रिस्ती घरं मोजून चार. बारा वर्सांत एकोनीस झाली. आता त्याला काय मोठं प्रवचन येत हुतं म्हनाल, तर न्हाई. आवाज फाटका, भजनात ताल चुकायचा, मी तोंडावर हसायची. पन दारात कोनीबी उभं राहिलं की त्याचा पयला सवाल, "जेवलास का?" देव, पाप, बाप्तिस्मा, सगळं भाकरीनंतर. "उपाशी मानसाला ऐकू येत न्हाई, छबूबाई," म्हनायचा. त्याची बायको भीमाबाई कपाळाला हात लावायची आन् टोपल्यातली शेवटची भाकरी वाढायची.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. निम्मी घरं ऊसतोडीला गेली, निम्मी दुष्काळी कामावर खडी फोडायला. रविवारी मंदिरात आमी सात जन. त्यात नगरहून मोठ्या पाळकसाहेबांची चिठ्ठी आली. येत्या रविवारी तपासनीला येतो, मंडळीत वाढ दिसली न्हाई तर उपदेशकाची बदली आन् मंदिराला कुलूप. पुंजारामनं चिठ्ठी आमाला वाचून दावली. त्या भिंती आमी सगळ्यांनी माती तुडवून उभ्या केलेल्या. माझ्या मालकाला मंदिरामागंच पुरलंय. मला तर रडूच फुटलं.

त्याच आठवड्यात गरिबांना वाटायला मंदिरात मिलोची पोती आली. लाल जोंधळा, जनावरं बी तोंड फिरवतील असला, पन तवा त्याचंच सोनं हुतं. आन् मेलं माझं डोकं चाललं! "उपदेशक, आज वाटू नका. रविवारी भजन झाल्यावर वाटा. मग बघा मंडळी कशी वाढती!"

"असलं नको गं बाई," भीमाबाई म्हनाली.

"तू गप! कुलूप लागल्यावर काय करशील?" मी तिच्यावर खेकसले. पुंजारामनं एकदा पोत्यांकडं बघितलं, एकदा चिठ्ठीकडं. मग बरं म्हनाला.

गुरुवारी रंगुबाई आली. वरच्या आळीतल्या शेतकऱ्याची सून. गावची विहीर आमाला बंद हुती, तवा तिच्या सासूनं, मालनबाईनं, भावकीच्या शिव्या खाऊन आमच्या घागरी सोताच्या हातानं भरलेल्या. रंगुबाईनं पदर पसरला. "आत्याबाई अंथरुनाला खिळल्यात. दोन दिस पोटात काय न्हाई. पसाभर द्या, उपदेशक."

पुंजारामनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, न्हाई म्हनून.

"रविवारी भजनाला या, रंगुबाई. तवा मिळंल," तो म्हनाला. जेवलीस का, ते त्यानं विचारलंच न्हाई. ती पदर सावरून गेली.

रविवारी मंदिरात मुंगी शिरायला जागा न्हाई. बाया अंगनात, पोरं खिडक्यांत. साहेबांनी मानसं मोजली, त्र्यान्नव. "शाब्बास पुंजाराम! केवढी ही वाढ!" म्हनून त्याची पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

भजन संपलं, वाटप सुरू झालं. रांगेत रंगुबाईचा नंबर आला.

"मालनबाई कशी हाय?" पुंजारामनं विचारलं.

"काल गेल्या," ती म्हनाली. "सुतक हाय, पन पोरं उपाशी हायेत. मी शेवटपत्तोर भजनाला बसले हुते. बघितलं न्हवं तुमी?"

त्याच्या हातातलं माप खाली पडलं. भीमाबाईनं ते उचललं आन् तिचा पदर भरला. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

दुपारी साहेबांनी वही पुढं सरकवली. एका रकान्यावर लिहिलेलं, वाढ. "इथं आकडा टाक आणि सही कर." पुंजारामनं सावकाश लिहिलं, "गुरुवारी वाढलं नाही." खाली सही केली.

साहेब तापले. "हे काय? खोड ते!"

"खरं हाय साहेब. खोडून जायाचं न्हाई," तो म्हनाला.

महिन्याच्या आत कुलूप लागलं. त्याची बदली राहात्याकडं झाली. निघायच्या दिवशी भीमाबाई बैलगाडीत बसली हुती, माझ्याकडं बघत नव्हती. मी त्याच्यापुढं जाऊन हात जोडले. चूक माझी हुती, एवढंच म्हनायचं हुतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आन् विचारलं, "जेवलीस का, छबूबाई?"