मर्दुमकीचं पान

पुण्याहून सकाळी सहाची केजची एसटी पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत बायकोने बांधून दिलेल्या दशम्या होत्या, पाण्याची बाटली होती आणि एका झेरॉक्सची घडी होती. त्या झेरॉक्सपायीच मी निघालो होतो. वर छापील अक्षरात ‘पदके व सन्मान’ आणि त्याखाली नुसता काळाकुट्ट धब्बा, तव्याचं बूड कागदावर टेकवल्यासारखा.

लष्कराच्या एका रेकॉर्ड ऑफिसात मी चौतीस वर्षं कारकुनी केली. कुठल्या, ते सांगत नाही. निवृत्त माणूस जुन्या ऑफिसबद्दल बोलायला लागला की थांबत नाही, हे मी इतरांवरून पाहिलं आहे. आता घरी बसून माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो. हे प्रकरण त्याच ऑफिसातलं, माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी दिलं. बीड जिल्ह्यात वडवणीजवळच्या एका खेड्यातले हवालदार ज्ञानोबा. त्यांची दोन पदकं रेकॉर्डवर चढलेलीच नाहीत. एक जखमी सैनिकाला मिळतं ते, दुसरं उंच बर्फातल्या सेवेचं. दुरुस्तीचा अर्ज अकरा वर्षांत चारदा परत गेला होता. शेरा दर वेळी तोच: ‘प्रत अवाचनीय’.

मी हवालदारांना फोन करून सांगितलं, की मूळ डिस्चार्ज बुक (सैनिकाला नोकरी सोडताना मिळणारी नोंदवही) रजिस्टर पोस्टाने पाठवा.

“पुस्तक घराबाहेर जात न्हाई,” पलीकडून शांत आवाज आला. “तुमीच या.”

मला थोडा रागच आला. पण त्या आवाजात अशी काही शिस्त होती, की मी मुकाट्याने गाड्यांची चौकशी केली.

जामखेड मागे पडलं आणि बालाघाटाच्या डोंगररांगा दिसू लागल्या. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. तूर पिवळ्या फुलांनी भरली होती, ज्वारी गुडघ्याएवढी आली होती. समोरून मात्र ट्रॅक्टरांची रांग लागली होती. प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या आणि त्यात अख्खे संसार: बाजा, हंडे, चुलीच्या लाकडांचे भारे, टोपलीखाली कोंबड्या आणि त्या सगळ्यावर उंच बसलेली माणसं. ऊसतोडीला निघालेला जिल्हा आमच्या उलट दिशेने चालला होता. एका म्हाताऱ्या बाईने वरून माझ्या खिडकीकडे बघून हात हलवला. मीही हलवला.

मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. ढाब्यावर चहा घेता घेता मालकाला विचारलं, वडवणीला कसं जायचं.

“बीडला जा, तितून लई गाड्या. पर आदी जेवा की. गाडी कुटं पळती?”

मी जेवायला बसलो. बाजरीची गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर आमटी (येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची पूड, मराठवाड्यात तिच्याशिवाय पाहुणचार होत नाही). दुसरी भाकरी मोडली आणि बीडची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली.

“पळाली की,” मी म्हणालो.

“दुसरी येती. गाड्या येतच ऱ्हातेत,” मालक म्हणाले आणि माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकली. त्यांचं बरोबर होतं. गाडी अर्ध्या तासात आली, आणि तशी आमटी मी पुन्हा कुठे खाल्लेली नाही.

वडवणीच्या स्टँडवर हवालदार मला न विचारता ओळखू आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतरावर रफू केलेली हिरवी जर्सी, हातात काठी. पण पाठ अशी ताठ की काठी शोभेला असावी. डावा पाय ते किंचित फेकून टाकत. जवळ येऊन त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. मी कारकून, मला आयुष्यात असा सॅल्यूट कुणी केला नव्हता.

“मी साहेब नाही हो, कारकून होतो.”

“म्हनूनच केला, बाबूसाहेब. लिवनारा मानूस तुमी.”

रिक्षाने गावात पोचलो. निम्म्याहून अधिक दारांना कुलपं होती. हवालदारांची दोन्ही मुलं आणि सुना तोडीला गेली होती. घरी ते, त्यांची बायको शेवंताबाई आणि पंधरा-सोळा शेळ्या. मी अंगणातल्या बाजेवर कागद पसरून बसलो आणि पाणी प्यायला वळलो तेवढ्यात एका शेळीने घरून लिहून आणलेल्या अर्जाचा कोपरा खाऊन टाकला. चौतीस वर्षांत माझा मसुदा इतक्या लवकर कुणी निकाली काढला नव्हता.

शेवंताबाई हसत म्हणाल्या, “भाऊ, तिला सगळं गोड लागतंय. आता घरात बसा.”

शेवंताबाई चहा ठेवायला चुलीशी गेल्या, तेव्हा हवालदारांनी हलक्या आवाजात मला सगळं सांगितलं. रामभाऊ नावाचा त्यांचा जोडीदार होता, माजलगावकडचा. दोघे एकाच बर्फाळ चौकीवर होते. एका सकाळी तिथे तोफगोळा पडला. ह्यांचा पाय गेलाच होता, कसाबसा वाचला. रामभाऊ वाचला नाही.

“माज्या मांडीवर गेला तो. पानी मागत व्हता. बाटलीत सगळा बर्फ झालता. मी बर्फ तोंडात धरून इतळवला अन् ओंजळीनं त्याला पाजला.”

तेव्हापासून दर दिवाळीला ते रामभाऊंच्या बायकोला भेटायला माजलगावला जात. ती दर वेळी तेच विचारी, शेवटी काय बोलले, पाणी प्यायले का. हे दर वेळी सांगत. मग परत आलेल्या एका अर्जासोबत ऑफिसचं एक इंग्रजी पत्र आलं. रामभाऊंचा मुलगा शिकलेला, म्हणून ह्यांनी विश्वासाने त्यालाच वाचायला दिलं. पत्रात होतं, की रेकॉर्डप्रमाणे त्या महिन्यांत सदर जवान चौकीवर नसून डेपोत होता.

“पोरगं म्हनलं, काका, तुमी तितं नव्हताच की. मंग माज्या आईला इतकी वर्सं काय सांगत आलात? कावून सांगत आलात?” (कावून म्हणजे का.) हवालदार पुढे म्हणाले, “त्याचं काय चुकलं? कागदच तसा बोलतोय. चार दिवाळ्या झाल्या, मी गेलो न्हाई. पदक ऱ्हाऊ द्या, बाबूसाहेब. मी तितं व्हतो, एवढं लिवून पायजे.”

कुठल्यातरी कारकुनाकडून एक ओळ उतरवायची राहिली असणार. अशा ओळी माझ्याकडूनही राहिल्या असतील. परत आलेल्या अर्जांच्या खाली मी गुपचूप सह्या तपासल्या, माझी नव्हती. पण तो निव्वळ योगायोग, हे मला चांगलं ठाऊक होतं. डागाळलेली प्रत आली की मीही हाच शेरा मारत असे, आणि वर त्याचा अभिमान बाळगत असे.

हवालदारांनी लोखंडी ट्रंक उघडली. तांबड्या फडक्यातून डिस्चार्ज बुक निघालं. पानं उलटली. एकूण एक पान लख्ख, आणि पदकांच्या पानावर मात्र हळदीचे, कुंकवाचे थरावर थर बसलेले, मध्ये चिकटलेला तांदळाचा एक दाणासुद्धा.

“हे कुंकू लावलं कुणी?” माझ्यातला कारकून बोलून गेला. “याच्यामुळेच तर सगळे अर्ज परत आले.”

चहाचे कप घेऊन शेवंताबाई दारातच उभ्या होत्या.

“न्हाई न्हाई,” हवालदार घाईने म्हणाले. “शाईच कच्ची व्हती. ती आदीच उडाली.”

माणूस बर्फात डगमगला नव्हता, पण खोटं बोलताना त्यांना धड माझ्याकडे बघता येईना. त्यांना अकरा वर्षांपासून सगळं माहीत होतं. बायकोला कधी कळू दिलं नव्हतं.

शेवंताबाईंनी कप खाली ठेवले. “खंडेनवमीला हत्याराची पूजा आसती, भाऊ. आमच्यात कोयता पुजतेत. पोरांचं पोट कोयत्यावर. ह्यांचं पोट ह्या पुस्तकावर, म्हनून मी पुस्तक कोयत्याशेजारी मांडीते. पैल्या साली ह्यांना इचारलं, तुमच्या मर्दुमकीचं पान कंचं? ह्यांनी दावलं. मला कुटं वाचता येतंय? त्याच पानाला दर साली लावलं.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “मला एकडाव सांगायचं तरी.”

“तू लावतीस ते थांबवायचं व्हय मी?” हवालदार म्हणाले.

त्या आत गेल्या. मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली आहे. ज्या पत्राने घर दुखावलं ते माझ्याच ऑफिसचं होतं. आणि उरलेलं काम मी एका वाक्यात करून टाकलं होतं.

पान नुसतं धरून बसलो होतो. बोटं सवयीने कागदाच्या पाठीवरून फिरली, आणि तिथे काहीतरी टोचलं. पाठ कोरी होती, पण खडबडीत होती. आमच्या पिढीचे कारकून बॉलपेन दाबून लिहीत. जन्मभर खाली कार्बन असायचा, त्यामुळे कार्बन नसला तरी हात दाबूनच चाले. पुढची अक्षरं कुंकवाने झाकली होती. पण त्यांचे उठाव पाठीवर शाबूत होते.

मी पुस्तक घेऊन दाराशी गेलो. दुपार कलली होती, ऊन तिरपं येत होतं. पान उन्हात आडवं धरल्यावर बारीक सावल्या पडल्या आणि ओळी दिसू लागल्या, अर्थात उलट्या. मी आत हाक मारली.

“बाई, आरसा आहे का घरात?”

शेवंताबाई डोळे पुसत आल्या. हातात त्यांची कुंकवाची पेटी होती, झाकणात आरसा बसवलेली, लग्नातली असावी. पेटी उघडून त्यांनी आरसा पानाच्या पाठीसमोर धरला. आरसा हलू नये म्हणून हवालदारांनी त्यांचं मनगट धरलं. तसे आम्ही तिघं उंबऱ्यात बसलो आणि मी एकेक अक्षर लावत गेलो. आधी पदकांची नावं लागली. मग जखमी झाल्याची तारीख, ठिकाण. आणि शेवटच्या ओळीत, जे मिळावं म्हणून आम्ही कारकून देव पाण्यात घालून बसतो, तो आदेशाचा क्रमांक. युनिटमध्ये घडलेली प्रत्येक गोष्ट अशा क्रमांकाने नोंदली जाते. तो हाती आला की जुन्या गठ्ठ्यांतून मूळ कागद काढता येतो.

मी ठिकाणाचं नाव मोठ्याने वाचलं. हवालदारांनी मान हलवली. “व्हय. तितंच,” म्हणाले.

मी तिथेच बसून नवा अर्ज लिहिला, या वेळी शेळीला पाठ करून. क्रमांक दोनदा तपासला, पानाच्या पाठीचा तिरप्या उन्हात फोटो काढला. हवालदारांनी सही केली. निघताना शेवंताबाई अर्जाकडे बघत चाचरत म्हणाल्या, “भाऊ, ह्याला लावू का जरासं? का नगं?”

डागाळलेला कागद ज्याने चौतीस वर्षं परत पाठवला, त्या माणसाला त्या विचारत होत्या. मी अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. “इथे लावा. इथे काही लिहिलेलं नाही.” त्यांनी करंगळीने एक टिकली ठेवली.

परतल्यावर माझ्या जुन्या ऑफिसच्या खिडकीशी मी पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूने उभा राहिलो. आतल्या तरुण मुलीने अर्ज उलटसुलट केला. “काका, हा डाग कसला?” मी म्हणालो, “पूजा झालेली आहे. क्रमांक बघा.” तिने क्रमांक पाहिला, जरा हसली आणि आवक शिक्का मारला, टिकली चुकवून, हे मी बघितलं.

चार महिन्यांनी पत्र आलं. पदकं तयार होऊन यायला अवकाश होता, पण नोंद दुरुस्त झाली होती. मी वडवणीला फोन लावला आणि त्यातली ओळ मराठीत वाचून दाखवली: सदर जवान त्या काळात त्या चौकीवर तैनात होता व तिथेच जखमी झाला.

पलीकडे शेळ्यांचा आवाज येत होता.

“अजून एकडाव वाचा,” हवालदार म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी पदकांचं काही विचारलं नाही, कधी येतील, कशी येतील, काही नाही. आत तोंड करून म्हणाले, “आगं, जर्सी कुटं ठिवली?” आणि मला म्हणाले, “ठिवतो, बाबूसाहेब. अकराची माजलगाव गाडी हाय.”

मी खूप प्रवास केलेला माणूस नाही. कागद मात्र आयुष्यभर गावोगावी पाठवत आलो; ते कुठल्या दारात जाऊन पडतात, ते तेवढं एकदाच बघून आलो. त्या दिवशी घड्याळात अकरा वाजेपर्यंत मी फोन हातातच धरून बसलो होतो. या खेपेला त्यांची गाडी चुकू नये, एवढंच मनात होतं.